‘द नॅशनल’ हा बँड इतका उदास का वाटतो, ऐकायला कुठून सुरुवात करावी, आणि सतत अशी गाणी ऐकून माणूस खचतो का?

तीन प्रश्न एका दमात विचारलेत. त्यातला तिसरा नसता तर मी लिहायला बसलेच नसते. म्हणून त्याचं उत्तर आधी: नाही, माणूस खचत नाही. खचलेला माणूस असली गाणी शोधत येतो आणि घरच्यांना त्याच्या कानातले हेडफोन तेवढे दिसतात. कारण आणि परिणाम यांची अशी अदलाबदल करणाऱ्यांत माझा सख्खा भाऊ पहिल्या क्रमांकावर आहे, त्यामुळे पुढे तो बराच येईल. फक्त गाण्यांची नावं हवी असतील तर सरळ तळाशी जा.

बँडची प्राथमिक माहिती तुम्हाला असणारच. पण एक गोष्ट लोक विसरतात. ही पाचही माणसं अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीची, बँड जमला १९९९मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनला, आणि सुरुवातीची काही वर्षं सगळे नोकऱ्या सांभाळून वाजवत होते. गाणारा मॅट बर्निंगर डिझाइनच्या धंद्यातला. बेस वाजवणारा स्कॉट डेव्हनडॉर्फ त्याला कॉलेजात ग्राफिक डिझाइन शिकतानाच भेटला. पुढे न्यूयॉर्कमध्ये बर्निंगरची चांगल्या पगाराची नोकरी होती आणि ती सोडली तेव्हा त्याची तिशी उलटलेली. म्हणजे ही पगार वेळेवर जमा होणाऱ्या माणसाची उदासी आहे. माझ्या मते सगळी गोम इथेच आहे.

अशा उदासीला कुणी विचारत नाही. प्रेमभंग झाला, कुणी गेलं, नोकरी सुटली, तर लोक खांद्यावर हात ठेवतात. काहीच झालेलं नसताना रविवारी संध्याकाळी छातीवर काहीतरी येऊन बसतं, त्याला मात्र एकच प्रश्न: तुला काय कमी आहे? ‘अलिगेटर’ या २००५च्या अल्बमवरचं ‘बेबी, वी विल बी फाइन’ ऐका. त्यातला माणूस रात्री उशीवर पडून प्रार्थना करतो, ती उद्या साहेबाने आपल्याला थांबवून शाबासकी द्यावी म्हणून. यावर कुणी गाणं लिहितं? त्याने लिहिलं. ‘स्लो शो’मध्ये पार्टीत अवघडून उभा राहिलेला एक जण आहे, त्याला फक्त घरी आपल्या माणसाकडे पळायचंय. ‘ब्लडबझ ओहायो’मध्ये चक्क देणं आहे, पैशांचं. ते गाणं २०१०चं, अमेरिकेत घरकर्जांचा बाजार कोसळून दोनच वर्षं झालेली.

आता दादा. दादा माझ्यापेक्षा बराच मोठा, तबला शिकलेला. गाणं म्हणजे सूर लागला पाहिजे आणि समेवर येता आलं पाहिजे, बाकी सगळी बडबड, हे त्याचं मत. एकदा रात्रीचा लांबचा प्रवास होता. गाडी दादा चालवत होता. मागे आई, वहिनी आणि झोपलेली पुतणी. पुढच्या सीटवर मी, म्हणजे चालवणाऱ्याला जागं ठेवायची जबाबदारी माझी. दादाचा पेनड्राइव्ह संपला. त्यावर सगळ्या गझला. एकजात उद्ध्वस्त झालेली, दारात ताटकळलेली, जळून खाक झालेली माणसं. त्या संपल्यावर मी ‘बॉक्सर’ लावला.

‘बॉक्सर’ २००७चा. पहिलंच गाणं ‘फेक एम्पायर’, पियानोवर सुरू होतं. दादा थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “सम कुठंय याची?”

प्रश्न अगदी बरोबर होता. त्या पियानोत एकाच वेळी एका हाताचे तीन ठोके आणि दुसऱ्या हाताचे चार चाललेले असतात, आणि ड्रम बऱ्याच उशिरा येतात. तोवर कानाने कुणाचं बोट धरायचं हेच कळत नाही. ते ड्रम आले की पायाखाली जमीन येते. दादा स्टिअरिंगवर बोटांनी मोजू लागला. डावीकडे तीन, उजवीकडे चार. मागून वहिनी ओरडली, “अहो, गाडी!” शेवटाकडे ट्रम्पेट आणि मंडळी घुसतात तिथे त्याने मान हलवली. ती दाद होती असं मी आजही धरून चालते, तो नाकारतो.

मग त्याने विचारलं, “हा गाणार कधी?”

“मघापासून गातोय.”

“हे गाणं? हप्ते थकलेला माणूस बँकेत मॅनेजरसमोर बोलतो तसं बोलतोय तो.”

मी म्हटलं, त्यावरही गाणं आहे, लावू का? पण अल्बम संपेपर्यंत त्याचा निकाल तयार होता. “वाजवणारे तयार आहेत. ड्रमवाला तर फारच तयार. गाणाऱ्याचा गळा लागत नाही. मनही लागत नाही.”

आई मागे जागीच होती. तिने मनापासून काळजीने विचारलं, “ते गृहस्थ बरे आहेत ना?”

“कोण?”

“हे म्हणणारे. लग्न झालंय का त्यांचं?”

झालंय. बायको कॅरिन बेसर, ‘न्यू यॉर्कर’मध्ये कथाविभागाची संपादक होती आणि बऱ्याच गाण्यांचे शब्द ती नवऱ्याबरोबर लिहिते. ‘स्लीप वेल बीस्ट’ (२०१७) हा अल्बम मोडत चाललेल्या लग्नाबद्दल आहे, आणि तो या दोघांनी मिळून लिहिला, आपलं बरं चाललेलं असताना. त्यातल्या एका गाण्याच्या नावातच कॅरिन आहे. सर्वोत्तम अल्टरनेटिव्ह अल्बमचं ग्रॅमी त्यालाच मिळालं. एवढं सगळं मी आईला रात्री गाडीत काही सांगितलं नाही. लग्न झालंय, एक मुलगी आहे, इतकंच सांगितलं. आई म्हणाली, “मग झालंय काय त्यांना?”

गाडीत हे हसण्यावारी गेलं. पोचल्यावर गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळे नातेवाईक बसलेले असताना काकूने मला, हल्ली फार गप्प असतेस, असं म्हटलं. मी तोंड उघडायच्या आत दादाने परस्पर जाहीर केलं, “बोलेल कशी? तो रडका गोरा रात्रंदिवस कानात. आधी ती गाणी बंद करा, आपोआप माणसात येईल.” सगळे हसले. काकूने मान डोलावली, कुणीतरी सकाळी उठून पळायला जा म्हणून सांगितलं, कुणीतरी पहाटेची भक्तिगीतं सुचवली.

त्या वर्षी मला खरंच बरं नव्हतं. नोकरी नीट, घर नीट, रक्ताचे रिपोर्ट नीट. सांगण्यासारखं काही म्हणजे काही नाही, आणि सकाळी दात घासणंसुद्धा अंगावर यायचं. त्या दिवसांत जिथे मला कुणी कारण विचारत नव्हतं अशी जागा एकच होती, ती म्हणजे हे अल्बम. नेमकं तेच बंद करा म्हणे.

त्यानंतर दादाचा आणि माझा वाद आजतागायत चालू आहे. त्याचे मुद्दे दोन. रडक्या गाण्यांनी माणूस रडका होतो, हा पहिला. त्यावर माझं उत्तर म्हणजे त्याचाच पेनड्राइव्ह. तुझ्या गझलेतला माणूस मतल्यात, म्हणजे पहिल्याच शेरात मरतो, मक्त्यात, म्हणजे शेवटच्या शेरात, नाव सांगून पुन्हा मरतो, आणि तू ‘क्या बात है’ म्हणून पुढची लावतोस. तू कधी खचलास? विरहात मेलेला चालतो, ऑफिसच्या पार्टीत गुदमरलेला तेवढा चालत नाही. मेणबत्ती असली की दुःख खानदानी आणि ट्यूबलाइट असली की रडगाणं, असं कसं? इथे तो हमखास विषय बदलतो आणि दुसऱ्या मुद्द्यावर येतो: याला गाता येत नाही.

बर्निंगरचा आवाज बॅरिटोन, खर्जाकडे झुकलेला. छोट्याशा टापूत फिरतो, वाक्यं तोंडातल्या तोंडात ठेवतो, शब्द कळायला कान द्यावा लागतो. कबूल. मग ‘मिस्टर नोव्हेंबर’ लावा, नाहीतर ‘एबल’. दोन्ही ‘अलिगेटर’वर. तोच पुटपुटणारा माणूस गळा फाटेस्तोवर किंचाळतो. अल्बमभर आवाज न चढवणारा माणूस किंचाळला की अंगावर काटा येतो. पहिल्या गाण्यापासून किंचाळणाऱ्यांकडून तो कधी येत नाही. कार्यक्रमाच्या चित्रफिती बघा. अंगात कोट, हातात वाइनचा पेला, आणि लांबलचक केबलचा माईक घेऊन हा थेट गर्दीत उतरतो, आणि मागे क्रूची माणसं केबल सोडवत धावतात. ‘मिस्टर नोव्हेंबर’चे ओबामांच्या चित्राचे टी-शर्ट बँडने २००८च्या निवडणुकीत विकले. त्याच प्रचारात ‘फेक एम्पायर’चं फक्त वाद्यांचं रूप एका व्हिडिओसाठी वापरलं गेलं. साम्राज्य खोटं आहे म्हणणारं गाणं प्रचाराला! शब्द का काढले असतील ते सांगायला नको.

दादाचं एक मात्र मी मान्य करते, आणि तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. ड्रमवाला. ब्रायन डेव्हनडॉर्फ, स्कॉटचा भाऊ. हा बँड उदास वाटतो पण बसकण मारलेला वाटत नाही, ते याच्यामुळे. ‘ब्लडबझ ओहायो’मध्ये बर्निंगर जड पावलांनी चालतोय आणि खाली ड्रम धावतायत. ‘स्क्वॉलर व्हिक्टोरिया’त तर ड्रमच गाणं म्हणतात, बाकीचे साथ करतात. या दोन लयींच्या मधे जी ओढाताण आहे तिलाच आपण उदास म्हणतो. नुसता संथ आवाज आणि नुसती संथ गिटार असती तर झोप आली असती. असे बँड पुष्कळ आहेत, मला ते सहन होत नाहीत.

वरचं बांधकाम जुळ्या भावांचं, ॲरन आणि ब्राइस डेसनर. ब्राइस येलमध्ये संगीत शिकलेला, वाद्यवृंदांसाठी स्वतंत्र रचना करणारा. बहुतेक गाण्यांत संगीत आधी तयार होतं, ते बर्निंगरकडे जातं, तो त्यावर आधी नुसता गुणगुणतो आणि शब्द मागून येतात. म्हणून ते शब्द संगीताच्या सांदीफटीत सापडल्यासारखे वाटतात. ॲरन तर तुम्हाला ठाऊक नसतानाही ठाऊक असेल. टेलर स्विफ्टच्या २०२०मधल्या ‘फोकलोर’ आणि ‘एव्हरमोर’ या दोन्ही अल्बमांमागे तो आहे. ‘फोकलोर’ला पुढच्या वर्षी अल्बम ऑफ द इयरचं ग्रॅमी मिळालं. ‘एव्हरमोर’वरच्या ‘कोनी आयलंड’मध्ये तर खुद्द बर्निंगर गातो. गाडीत झोपलेली ती पुतणी आता हे दोन्ही अल्बम दिवसभर लावते, आणि दादाला ते ‘किती शांत’ वाटतं. ‘कोनी आयलंड’मध्ये तो आवाज आला तेव्हा मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. ओळखला नाही. मी अजून सांगितलेलं नाही. योग्य वेळेची वाट बघतेय.

आणि खचण्याबद्दल बोलायचं तर ५ मे २०१३ची गोष्ट ऐका. राग्नार क्यार्टनसन नावाच्या आइसलँडच्या कलावंताने या बँडला न्यूयॉर्कमधल्या मोमा पीएस१ या कलासंग्रहालयात उभं केलं आणि ‘सॉरो’ हे एकच गाणं सलग सहा तास वाजवायला लावलं. गाणं जेमतेम साडेतीन मिनिटांचं. म्हणजे शंभरावर वेळा तेच गाणं, तेच दुःख, समोर लोक. पुढे त्या मुद्रणाचा नऊ रेकॉर्डींचा संचही निघाला. दादाच्या सिद्धांताप्रमाणे त्या संध्याकाळी तिथून रुग्णवाहिका भरभरून जायला हव्या होत्या. मला विचाराल तर इतक्या वेळा म्हटल्यावर दुःख हे काम होऊन जातं. गळा कुठे कोरडा पडतोय, कोण थकलाय, बेसचा कुठला स्वर पुढे यायला हवा, लक्ष तिकडे लागतं. एकच कायदा, म्हणजे बोलांची एकच ठरावीक रचना, तासभर घासणाऱ्या तबलजीला हे मी समजावून सांगायचं?

आता कुठून सुरुवात करावी. ‘बॉक्सर’, पहिल्या गाण्यापासून, क्रम न बदलता. मग ‘हाय व्हायोलेट’ (२०१०), ज्यात ‘सॉरो’ आणि ‘ब्लडबझ ओहायो’ आहेत. त्यातलं शेवटचं ‘व्हँडरलाइल क्रायबेबी गीक्स’ कार्यक्रमाच्या शेवटी अनेकदा साध्या गिटारींवर होतं आणि ते गर्दीच म्हणते. ती चित्रफीत आधी बघून मग रेकॉर्डिंग ऐकलंत तरी हरकत नाही. कानाला सगळ्यांत सोपा ‘ट्रबल विल फाइंड मी’ (२०१३). ‘आय नीड माय गर्ल’ लोकांना पहिल्या खेपेत आवडतं. मला ते जरा गोड होतं. २००१चा पहिला अल्बम पूर्ण चाहते झाल्याशिवाय ऐकू नका, तिथे त्यांना आपण कोण ते अजून सापडलेलं नाही.

‘अलिगेटर’ला घाई करू नका, तो उशिरा उघडतो. तो आला त्या वर्षीच्या दौऱ्यात यांच्या आधी वाजवणारा बँड इतका गाजत होता की तो झाला की लोक उठून जायचे, हे उरलेल्यांसमोर वाजवायचे. ‘आय ॲम ईझी टू फाइंड’ (२०१९) मध्ये बायकांचे आवाज भरपूर आहेत, कित्येक ठिकाणी बर्निंगर बाजूलाच होतो. पुरुष चाहते यावर फार कुरकुरले. मला तो अल्बम आवडतो, आणि कुरकुरीमुळे जास्तच आवडतो. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ पाहिली असेल तर यांचा आवाज तुमच्या कानावरून आधीच गेलाय: दुसऱ्या मोसमात ‘द रेन्स ऑफ कॅस्टमिअर’ यांनीच म्हटलंय.

एक राहिलं, आणि ते वर लिहायला हवं होतं खरं तर. गाणी खचवत नाहीत म्हणजे बरं करतात असं मी म्हणत नाहीये. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, नको ते विचार येत असतील तर अल्बम बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. खुद्द बर्निंगर ‘फर्स्ट टू पेजेस ऑफ फ्रँकेन्स्टाइन’च्या (२०२३) आधी मोठ्या नैराश्यातून गेला. वर्षाहून जास्त काळ त्याला शब्दच सुचत नव्हते, बँड थांबून राहिला होता. ही गाणी ज्याची, त्यालाही ती पुरली नाहीत. मीही शेवटी डॉक्टरांकडे गेले. नेलं दादानेच, हेही लिहायला हवं. सुट्टी काढून, एक शब्द न विचारता. डॉक्टरांनी झोप विचारली, भूक विचारली, कामाचे तास विचारले, घरात आधी कुणाला असा त्रास होता का ते विचारलं. गाण्यांबद्दल अवाक्षर नाही. परतताना गाडीत मी हे दादाला सांगितलं, तर म्हणे डॉक्टर नवीन असेल.

‘फ्रँकेन्स्टाइन’ अल्बम मला जरा पाणचट वाटतो, टेलर स्विफ्ट असूनही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, जवळजवळ न सांगता, ‘लाफ ट्रॅक’ आला. त्यात जीव आहे. त्यातलं शेवटचं ‘स्मोक डिटेक्टर’ एका कार्यक्रमाआधीच्या साउंडचेकमध्ये वाजवता वाजवता मुद्रित झालं. जवळपास आठ मिनिटं गिटार घुमत राहतात आणि बर्निंगर गाण्याचा आवही न आणता बोलत सुटतो. माझं सध्याचं सगळ्यांत आवडतं. तुम्ही मात्र ते सगळ्यांत शेवटी ऐका. आधी ऐकलंत तर बँड सोडून द्याल आणि वर मलाच बोल लावाल.